मापाची गिटार

ब्लाऊज शिवायला टाकताना "जरा लहान करा" एवढंच सांगून कुणी घरी येत नाही. मापाला एक जुना ब्लाऊज दिला जातो आणि वर सूचना होतात: खांदा असाच राहू द्या, बाही अर्धा इंच कमी, मागचा गळा थोडा वर. शिंपी त्यातल्या निम्म्या सूचना विसरतो, तो भाग वेगळा. पद्धत बरोबर असते. गिटार बनवून घ्यायला निघालेली माणसं मात्र "मला गिटार मोठी पडते" या एका वाक्यावर थांबतात. बनवणाऱ्याने ते वाक्य जसंच्या तसं मनावर घेतलं, की काही महिन्यांनी हातात येते ती सुबक, महागडी, शिसवी लाकडाची बालगिटार.

आपल्या वाद्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही. मिरजेला तानपुरा सांगायला गेलं की आधी विचारतात, स्वर कुठला? काळी एकला गाणाऱ्याचा तानपुरा वेगळा, काळी चारला गाणारीचा वेगळा. भोपळा लहान, दांडी आखूड, तारा निराळ्या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०२४ साली, पण गळ्यानुसार वाद्याचं माप ठरवायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. गिटारचं तसं झालं नाही. आज दुकानांच्या भिंतींवर जी जाडजूड कंबरेची गिटार सर्वात जास्त दिसते ती ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने ती १९१६ मध्ये डिटसन नावाच्या दुकानदारांसाठी बनवायला घेतली आणि नाव दिलं ब्रिटिश युद्धनौकेचं. खालच्या घेराची रुंदी ३९७ मिलिमीटर, शेपटाकडची, म्हणजे तळाच्या टोकाची, खोली १२० च्या पुढे. अशी युद्धनौका पाच फुटी बाईच्या मांडीवर ठेवायची आणि वर "सवय होईल हो" म्हणायचं, हा प्रकार गिटार क्लासमध्ये सर्रास चालतो.

तर "मोठी पडते" म्हणजे नेमकं काय? या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. डाव्या हाताची बोटं ताणली जातात, ती तक्रार तारेच्या लांबीची, म्हणजे स्केलची. मूठ पुरत नाही, अंगठा दुखतो किंवा एक बोट दोन तारांना लागतं, ती नेकच्या, म्हणजे दांडीच्या, रुंदीची आणि जाडीची. डावा दंड पूर्ण लांब करावा लागतो, ती पेटीबाहेर, म्हणजे गिटारच्या पोकळ धडाबाहेर, किती नेक आहे याची. आणि उजवा खांदा वर चढतो, बगलेत पेटीची कड रुतते, ती पेटीच्या खोलीची आणि घेराची. ही चार मापं एकमेकांपासून बरीचशी स्वतंत्र आहेत. एक बदलल्याने बाकीची बदलावीच लागतात असं नाही, आणि बदलूही नयेत. कारण प्रत्येक आकडा हलला की आवाज थोडा हलतो. चारही हलवले की आवाजाचं काय होईल, हे बनवणाऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही.

ऑर्डर देण्याआधी एक किरकोळ तपासणी करावी, कारण पुष्कळांचं काम तिथेच संपतं. एफ कॉर्ड लागत नाही म्हणून हात लहान आहे असं मानणाऱ्यांच्या गिटारचा नट बहुतेक वेळा उंच असतो. नट म्हणजे नेकच्या टोकाची ती हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. फ्रेट म्हणजे नेकवरचे धातूचे आडवे पडदे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट उरते ते उजेडात पाहायचं. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. तो जेमतेम सरकला तर नट ठीक. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर पहिल्या फ्रेटवर प्रत्येक कॉर्ड विनाकारण जड जातो आहे. ही खाच उतरवायला तारेच्या जाडीच्या बारीक कानशी लागतात. चांगला कारागीर दोन-तीन घासे मारतो, तार बसवतो, सुरात आणतो, दाबून पाहतो, पुन्हा सैल करतो. खाचेचा तळ खुंट्यांकडे उतरता हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवरूनच सुटते. सपाट ठेवला तर मोकळी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते, फक्त इथे ते नको असतं. एक घासा जास्त झाला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर वाजते. मग हाडाची पूड आणि सुपरग्लूचा थेंब घालून खाच भरायची, किंवा नवा नट. हे सगळं काम एका दुपारचं आहे. ते केल्यावरही बोटं पुरत नसतील तरच पुढे वाचण्यात अर्थ.

स्केल ठरवायला नवी गिटार लागत नाही, कॅपो लागतो, म्हणजे नेकवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. बाजारातल्या ड्रेडनॉटचं स्केल साधारण ६४५ मिलिमीटर. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की मोकळ्या तारेची लांबी उरते ६०९. मग सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवायच्या. आता कॅपोसकट जे वाजतं ते नेहमीच्या सुरातलं ६०९ स्केल आहे, फ्रेटमधल्या अंतरासकट आणि तारेच्या ताणासकट. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून पूर्ण स्वर उतरवला की ५७५. या अवस्थेत रोजचा रियाज निदान आठवडाभर करावा, दुकानात उभ्याने पाच मिनिटं नव्हे. मात्र एक फसगत सांभाळायची: कॅपो लावला की नटच्या खाचांचा संबंधच तुटतो, त्यामुळे उंच नटची गिटारसुद्धा एकदम मऊ वाटू लागते आणि श्रेय जातं स्केलला. नट आधी, कॅपो नंतर. शिवाय कॅपोपाशी नेक नटपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर रुंद असते, तेही लक्षात ठेवायचं.

आकड्यांत फरक किती? पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर, म्हणजे तर्जनी ते करंगळीचा ताण, ६४५ वर ९७ मिलिमीटर आणि ६०९ वर साडेएक्याण्णव. साडेपाच मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण ज्याची करंगळी त्या शेवटच्या साडेपाचांतच अडते त्याला तो फरक हो आणि नाही यांतला आहे. ५७५ वर हेच अंतर साडेशहाऐंशीपर्यंत येतं. टेलर कंपनीच्या लहान गिटारींपैकी बेबी टेलरचं स्केल ५७८ आणि जीएस मिनीचं ५९७ आहे. अशी एखादी गिटार ओळखीच्याकडे असेल तर चार दिवस मागून आणावी. तीच जुळली तर बनवून घेण्याचा खर्च वाचला.

तारेचा ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ६४५ वरून ६०९ ला आलं की त्याच तारा अकरा टक्क्यांनी सैल होतात; ५७५ ला एकवीस टक्क्यांनी. गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. लाइट गेजचा, म्हणजे १२ ते ५३ चा, संच ६४५ वर सगळ्या मिळून सुमारे ७३ किलोचा ओढा देतो. सांधेदुखीवाल्याला अकरा टक्क्यांची सवलत हवीच असते, त्याने तेच गेज ठेवावं. पण ज्याला आवाज हवा आहे, जो जोरात स्ट्रम करतो, त्याची सहावी तार सैल होऊन फ्रेटवर आपटेल. त्याचा हिशेब सोपा आहे. गेजला लांबीच्या गुणोत्तराने गुणायचं: १२ गुणिले ६४५ भागिले ६०९ म्हणजे १२.७, आणि ५३ चे ५६. हा जवळपास नेमका मीडियम गेजचा, १३ ते ५६ चा संच झाला. म्हणजे ६०९ वर मीडियम तारा आणि ६४५ वर लाइट तारा यांचा ओढा एकच. पेटी मजबूत किती करायची हे यावर ठरतं, म्हणून कुठलं गेज लावणार ते ऑर्डरच्या दिवशीच सांगायचं.

आता दंडाची तक्रार. इथे लोक हमखास चुकीचा आकडा कापतात. हात लांब करावा लागतो म्हणून स्केल कमी करायला सांगतात, पण नट पेटीपासून किती दूर आहे हे स्केलइतकंच नेक पेटीला कुठल्या फ्रेटवर मिळते यावर ठरतं. ६४५ स्केल आणि चौदाव्या फ्रेटवर जोड असेल तर पेटीच्या कडेपासून नट ३५८ मिलिमीटरवर. स्केल ६०९ केलं, जोड तोच ठेवला, तर ३३८. आणि स्केलला हातही न लावता जोड बाराव्या फ्रेटवर आणला तर ३२२! आखूड दंडाला पूर्ण स्केल परवडतं, फक्त बारा फ्रेटची नेक हवी. जुन्या गिटारी अशाच असत. चौदा फ्रेटची टूम १९३० च्या सुमारास बळावली. बारा फ्रेटमध्ये वरच्या स्वरांपर्यंत हात पोचत नाही, ही किंमत. ज्याला तिथे वाजवायचंच आहे त्याने कटअवे, म्हणजे नेकजवळ पेटीला कापलेला खळगा, मागावा. पेटीची लांबीही पाहायला हवी, कारण बारा फ्रेटच्या काही साच्यांत पेटीच लांब असते आणि कमावलेलं निम्मं अंतर परत जातं. शेवटी मोजायचं ते शेपटाच्या बटणापासून नटपर्यंत.

आणि दोन्ही हवं असेल, आखूड बोटं आणि आखूड दंड, तर ६०९ स्केल बारा फ्रेटवर. हे जोडकाम मला सर्वात शहाणपणाचं वाटतं, आणि त्याचं कारण ब्रिजच्या जागेत आहे. ब्रिज म्हणजे वरच्या फळीवरची तारा अडकवायची पट्टी आणि सॅडल म्हणजे तिच्यावरची काडी, जिच्यावर तारा टेकतात. चौदा फ्रेटच्या नेहमीच्या पेटीत कडेपासून सॅडल २८७ मिलिमीटरवर येतं. स्केल ६०९ केलं आणि बाकी काही बदललं नाही तर ते २७१ वर येतं. ब्रिज सोळा मिलिमीटर फळीतल्या गोल भोकाकडे सरकतो, वरच्या फळीच्या ताठ भागावर जाऊन बसतो आणि खर्ज हरवतो. तेच बारा फ्रेटवर केलं तर सॅडल जातं ३०४ वर, खालच्या घेराच्या मोकळ्या भागात. आखूड तारेने घालवलेला भरीवपणा ब्रिजची जागा बऱ्यापैकी परत देते.

मात्र ब्रिज हलला की आतला एक्सही हलला पाहिजे. वरच्या फळीखाली दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून चिकटवलेल्या असतात, आणि ब्रिजच्या बरोबर खाली कठीण लाकडाची एक पातळ चकती. कारागिराकडे ६४५ चा साचा तयार असतो. घाईत तो तसाच वापरला आणि ब्रिज नव्या जागी लावला, तर खालची चकती एकीकडे, ब्रिज दुसरीकडे. गिटार पहिल्या दिवशी छान वाजते. वर्षभरात ब्रिजच्या मागे फुगवटा येतो, पुढे खळगा पडतो, तारा उंच होतात. बाहेरून याला इलाज नाही. म्हणून फळी पेटीला चिकटण्याआधी आतल्या बाजूचा फोटो मागवावा आणि त्यावर सॅडलची रेघ काढून घ्यावी. हे मागायला संकोच वाटतो, पण नंतर आरसा घालून पेटीत डोकावण्यापेक्षा बरं.

फ्रेटच्या खाचांचंही तसंच. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात; चूक झाली तर कानाने दुरुस्त. गिटारची खाच एकदा कापली की कापली. प्रत्येक फ्रेट काढताना उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं आणि जागा नेहमी नटपासून मोजायची, आधीच्या फ्रेटपासून नाही. नाहीतर पाव-पाव मिलिमीटरची चूक साठत जाते. जुन्या हाताचे काही सुतार १८ ने भागतात. ६०९ स्केलवर त्या हिशेबाने बारावा फ्रेट सव्वादोन मिलिमीटर अलीकडे पडतो, आणि मग ती गिटार जन्मभर बेसूर. सॅडल तर हिशेबाच्या लांबीच्याही थोडं मागे, तिरपं बसवावं लागतं, पातळ तारेकडे दोन-अडीच मिलिमीटर आणि जाड तारेकडे साडेचार-पाच, कारण तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. तारा जाड आणि स्केल आखूड, तर ही सूट थोडी जास्तच लागते.

इथे एक पुणेरी सूचना. आपल्याकडचा सुतार सुतात बोलतो. आठ सुतांचा इंच, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर. दरवाज्याला ते छान आहे. पण ४३ मिलिमीटरचा नट आणि ४६ चा नट यांत जेमतेम एका सुताचा फरक असतो, आणि हातात घेतलं तर त्या दोन वेगळ्या गिटारी आहेत. कागदावर सगळी मापं मिलिमीटरमध्येच लिहावी.

नटच्या रुंदीकडे येऊ. खरी बनवून घेण्याजोगी अडचण असते ती जाड पण आखूड बोटांची. आखूड स्केलच्या तयार गिटारी बहुधा ४३ च्या अरुंद नेकच्या असतात, कारण त्या लहान हातासाठी आहेत आणि लहान हात म्हणजे बारीक बोटं, असं गृहीत धरलेलं. रुंद नेक हवी तर ५२ मिलिमीटरची क्लासिकल घ्या, तिचं स्केल ६५०. मधलं फारसं काही मिळत नाही. अशा हाताला ६०९ स्केलवर ४६ चा नट द्यावा. दोन्ही कडांना साडेतीन-साडेतीन सोडले तर बाहेरच्या दोन तारांत ३९ मिलिमीटर मिळतात, म्हणजे ४३ च्या नेकपेक्षा दर दोन तारांमध्ये जास्तीचे सहा दशांश. एवढ्यात डी कॉर्डमधली तीन बोटं एकमेकांच्या पायावर पाय देणं थांबवतात. रुंद पंज्याच्या उंच माणसालाही लांब स्केल क्वचितच लागतं. त्याला हवा असतो ४७-४८ चा नट आणि भरीव नेक.

नेकच्या जाडीबद्दल उगाचच एक समज आहे की लहान हाताला पातळ नेक. वीस मिलिमीटरच्या खाली गेलेली नेक पकडायला अंगठ्याला चिमटा काढावा लागतो आणि तासाभरात तळव्याच्या गादीत कळ येते. एकवीस ते साडेबावीस बऱ्याच हातांना चालतं, आकार गोल की किंचित व्ही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मापाला ब्लाऊज द्यायचा तो इथे. जी नेक हाताला बसते ती गिटार घेऊन जावी, कारागीर पिनांच्या प्रोफाइल गेजने पहिल्या आणि दहाव्या फ्रेटपाशी तिची पाठ उतरवून घेईल. नवी नेक मिलिमीटरभर जाड ठेवून, पॉलिश न करता, तात्पुरत्या तारा लावून एकदा हातात द्यायला सांगावी. काढता येतं, लावता येत नाही.

उजव्या खांद्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना करावा. गणपतीच्या मखरासाठी हल्ली जाड पुठ्ठ्याच्या शीट मिळतात, त्या चालतात. पेटीचा आकार काढून तो थर चढवत हव्या त्या खोलीपर्यंत न्यायचा, मध्ये पोकळ ठेवला तरी हरकत नाही, आणि नेकच्या जागी एक लाकडी पट्टी चिकटवायची, तिच्यावर नटची आणि पाचव्या, बाराव्या फ्रेटची खूण. मग ज्या बैठकीत वाजवतो त्या बैठकीत अर्धा तास बसायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे भजनात, सुगम संगीताच्या बैठकीत गिटारवाला मांडी घालून बसतो. मांडी घातली की उजवी मांडी खुर्चीपेक्षा खाली आणि बाहेर जाते, पेटी खाली उतरते आणि खांद्याचा कोनच बदलतो. खुर्चीवर पाहून ठरवलेला घेर सतरंजीवर चुकतो. पंधराव्या मिनिटाला हात आपोआप कुठे सरकतो ते बघायचं आणि तिथे पुठ्ठा कापायचा. १२० ची खोली १०० वर आणली की बहुतेकांचा खांदा खाली येतो. घेर ३९७ वरून ३७० वर आणला की कोपर मोकळं होतं. आधी खोली कापावी, मग घेर, कारण खर्जासाठी घेर जास्त मोलाचा.

खोलीला आणखी एक युक्ती आहे. कॅनडाच्या गिटार बनवणाऱ्या लिंडा मॅन्झर यांनी १९८४ मध्ये जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी ४२ तारांची पिकासो गिटार बांधताना पेटी पाचरीसारखी केली: जाड तारांची, म्हणजे बगलेकडची बाजू पातळ आणि मांडीवरची बाजू खोल. बगलेत ८५ आणि मांडीवर ११५ ठेवले तर आतली हवा सरासरी १०० च्या पेटीएवढीच राहते, पण हाताला वाटते ८५ ची. फ्रोझन शोल्डरवाल्याला आणि पोट पुढे आलेल्याला हिच्याइतका आराम दुसरा कुठलाच बदल देत नाही. बाजूच्या पट्ट्या दोन वेगळ्या रुंदीच्या कापाव्या लागतात आणि मागची फळी पिळीत बसते, तेवढं काम वाढतं. हात टेकतो तिथली कड तासून उतरती करायची कल्पना ग्रिट लास्किन यांची, तेही कॅनडाचेच गिटार बनवणारे. दंडावर लाल वळ उठत असेल तर ती घ्यावी. नुसती शोभेसाठी नको.

पेटी लहान झाली की आतल्या हवेचा मूळ स्वर चढतो. ड्रेडनॉटमध्ये तो शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. आतली हवा वीस टक्के कमी केली तर एकशेबाराच्या घरात जातो, आणि खालच्या तीन तारांमागचा आधार निघून जातो. ढोबळ नियम असा की भोकाचा व्यास हवेच्याच प्रमाणात कमी केला तर स्वर जागेवर येतो, म्हणजे १०० चं भोक ८० चं. पण ८० चं भोक आवाज कोंडतं. नव्वदच्या आसपास थांबावं आणि थोडा खर्ज सोडून द्यावा. पेटी लहान असेल तर वरची फळीही पातळ लागते. ड्रेडनॉटला सिटका स्प्रूस तीन मिलिमीटरला ठेवत असतील तर इथे अडीचच्या जरा वर. जाडी तशीच ठेवणं ही भीतीपोटी होणारी चूक आहे आणि लहान गिटारी ठोकळ्यासारख्या वाजतात त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

लाकडाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याच्यावर लोक आधीच फार बोलतात. वरची फळी स्प्रूस किंवा सीडर, ती बाहेरूनच येते. बाजू आणि पाठ आपल्या शिसवीची, जगभरच्या गिटारींना जी दक्षिण भारतातून जाते. नेकला महोगनी, किंवा सतारीला वापरतात ती तून. दोन्ही एकाच कुळातल्या आणि हलक्या. लहान पेटीला जड नेक आणि जड खुंट्या लावल्या की गिटारचं डोकं सारखं खाली जातं आणि डावा हात वाजवायचं सोडून भार पेलत बसतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये साग हवा तेवढा मिळेल, पण त्यातला तेलकटपणा सरसाला धरू देत नाही, जोडण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. आणि फळी कुठलीही असो, टोकाकडून पाहिल्यावर वलयांच्या रेषा उभ्या हव्यात. आडव्या रेषांची फळी पुण्यात टिकत नाही.

पुण्यात, असं मुद्दाम म्हटलं. आषाढ-श्रावणात इथली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि वाड्यातले सागाचे दरवाजे चौकटीत अडकतात. तेच शहर एप्रिलच्या दुपारी वीस-पंचवीस टक्क्यांवर येतं. गिटारला मानवते पंचेचाळीस ते पंचावन्न. लाकडातला ओलावा एक टक्का उतरला की ३८० मिलिमीटर रुंद स्प्रूसची फळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त आकसते. जुलैमध्ये फुगलेल्या फळीवर पट्ट्या चिकटवल्या तर वैशाखात फळीला आकसायचं असतं आणि पट्ट्या आकसू देत नाहीत. मग मधोमध किंवा भोकाच्या कडेपासून उभी चीर जाते. कारागिराच्या खोलीत डीह्युमिडिफायर आणि भिंतीवर आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर असेल तर महिना कुठलाही चालेल. नसेल तर पेटी चिकटवायचं काम दिवाळी ते होळीच्या मधे येईल असं बघावं. ऑर्डर पावसाळ्यात दिली तरी हरकत नाही. नेक कोरणं, फ्रेटबोर्ड, पुठ्ठ्याची मापं यात ते महिने सरतात.

पॉलिशही पावसात नको. लॅकर दमट हवेत मारलं की त्यात पांढुरकी सावली धरते. फर्निचरवाल्याचं मेलामाइन तर कुठल्याच ऋतूत नको, त्याचा जाड थर फळीला रजईत गुंडाळतो. लाखेचं फ्रेंच पॉलिश पातळ बसतं, खरवडलं तर घरी दुरुस्त होतं, फक्त घामट हाताला लवकर विरघळतं.

पैशांचं बोलणं टप्प्यांत करावं: लाकूड दाखवल्यावर, पेटी बंद करण्याआधी, कोऱ्या नेकची बैठक झाल्यावर, आणि तारा लागल्यावर. या टप्प्यांना नकार देणाऱ्याकडे साधी गिटार बनवून घ्यावी, मापाची नाही. कागदावर स्केल, जोडाचा फ्रेट, नट, सॅडलवर पहिल्या ते सहाव्या तारेतलं अंतर, नेकची दोन ठिकाणची जाडी, घेर, दोन्हीकडची खोली, भोक, गेज, आणि बाराव्या फ्रेटवर तारेची उंची, जाड तारेखाली २.४ आणि पातळ तारेखाली १.८ च्या आसपास, एवढं लिहिलेलं असावं. डावखुऱ्यांनी आपण डावखुरे आहोत हे स्वतंत्र ओळीत, ठळक लिहावं. नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, सॅडलचा तिरपेपणा आणि आतल्या पट्ट्या दोन्ही उलटतात. केसचं सगळ्यात शेवटी आठवतं. वेगळ्या मापाची पेटी तयार केसमध्ये डुगडुगते, तेव्हा फोम कापून बसवायचं काम त्याच कारागिराच्या गळ्यात घालावं, कारण साचा त्याच्याकडे आहे.

आणि सॅडल दोन मागावीत, हाडाची. पावसाळ्यात वरची फळी फुगते, तारा वर येतात आणि बोटं पुन्हा दुखू लागतात. तेव्हा बुटकं सॅडल. मार्चनंतर फळी बसते, तारा फ्रेटला घासतात, तेव्हा उंच. फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो, नुसतं पाहून कुठलं कोणतं ते कळत नाही. प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलने "पा" आणि "उ" लिहून ठेवायचं आणि न वापरलेलं केसमधल्या कप्प्यात, तारांच्या पाकिटाबरोबर.